बालमंदिराची डागडुजी

नवी वास्तु उभी करण्याचा उत्साह आपल्या समाजांत जितका आहे तितका ती नीट राखण्याचा नाहीं, हें वाचकांस निराळें सांगावयास नको. कोनशिला बसविण्यास पाहुणे मिळतात, उद्घाटनास मंडप मिळतो, देणगीदाराच्या नांवाची संगमरवरी पाटीहि भिंतींत बसते. पण पाटी बसल्यानंतर पांचव्या पावसाळ्यांत त्याच भिंतीस ओल आली तर ती कोणीं पहावयाची, याचें उत्तर कोणापाशींच नसतें. जुन्या ग्रंथकारांची दृष्टि याहून निराळी होती. अग्निपुराणांत व मयमतासारख्या शिल्पग्रंथांत जीर्णोद्धाराचा विधि स्वतंत्र प्रकरणांत सांगितला आहे. देवळासंबंधानें जें आपणांस मान्य, तें ज्या जागेंत आपलीं तीन-चार वर्षांचीं मुलें रोज तीन-तीन तास काढतात तिच्यासंबंधानें मान्य होऊं नये, याचें मला गेलीं दोन वर्षें वारंवार नवल वाटत आलें आहे.

दोन वर्षें म्हणण्याचें कारण असें कीं, शाळेच्या नोकरींतून मोकळा झाल्यावर घरांत माझ्या वांट्यास जीं कामें आलीं त्यांत धाकट्या नातीस बालमंदिरांत पोंचविणें व परत आणणें हें मुख्य. आमच्या एकत्र कुटुंबांत माणसें अकरा; सकाळीं साडेआठास बाहेर पडणारीं सगळीं घाईंत, आणि बिनघाईचा असा मी एकटा. सांगलीस आमच्या पेठेंतच हें बालमंदिर आहे. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण जें लिहिणार आहें तें थोड्याफार फरकानें पुष्कळ ठिकाणीं लागू पडेल. मुलें सुटेपर्यंत फाटकाबाहेर आम्ही सहा-सात आजोबा उभे असतों. मंडळी राजकारण, मधुमेह आणि निवृत्तिवेतन यांवर बोलतात. या तिन्ही विषयांत माझी गति बेताची असल्यामुळें मी आंत पाहत उभा राहूं लागलों, आणि पाहतां पाहतां मला या विषयाचा नाद लागला.

प्रथम ध्यानांत आलें तें हें कीं, मोठ्या माणसाच्या उंचीवरून मुलांची जागा दिसतच नाहीं. एके दिवशीं बाईंच्या परवानगीनें आंत जाऊन मी अंगणाच्या मधोमध उकिडवा बसलों. बाई हंसल्या, मुलें भोंवतीं गोळा झालीं. पण नातीच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाहतांच बाकाच्या खालच्या अंगास बाहेर आलेला खिळा दिसला, दाराच्या बिजागरीकडील फट दिसली (मुलांचीं बोटें चिरडतात तीं बहुधा याच बाजूस), आणि विजेच्या बटणांची पेटी दिसली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत कृष्णेचें पाणी या इमारतींत शिरलें होतें. त्याची तांबूस रेघ नव्या रंगाखालून अजून ओळखूं येते. पुरानंतर तारा बदलल्या, भिंती रंगविल्या. पण पेट्या मात्र जुन्याच जागीं, जमिनीपासून दीड फुटावर, पुरालाहि सोयीच्या आणि मुलांच्या बोटांनाहि सोयीच्या. त्या वर उचलून घ्यावयास वायरमनला एक दिवस पुरला. त्या एका दिवसाची कोणाला आठवण व्हावयास चार वर्षें लागलीं होतीं.

जिन्याच्या कठड्याविषयीं एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मूल फटींत शिरतें तें पुष्कळदां पायांकडून. पाय जातात, कंबर जाते, आणि डोकें अडकतें. कारण या वयांत धडाच्या मानानें डोकें मोठें असतें. म्हणून साडेतीन इंचांहून अधिक आणि नऊ इंचांहून कमी अशी फट मुलांच्या खेळण्याच्या साधनांत असूं नये, असा अमेरिकेंत क्रीडांगणांसाठीं दंडक आहे. आमच्या कठड्याचे गज पांच-पांच इंचांवर होते. मध्यें एकेक गज जोडून घेतला. गळ्यांत पाण्याच्या बाटलीचा पट्टा घालून मुलें घसरगुंडीवर चढत. पट्टा वरच्या कठड्यांत अडकला तर गळफांसच. तीहि रीत बाईंनीं बंद केली. याला पैसाहि लागला नाहीं.

कुंपणाच्या कडेनें पिवळ्या कण्हेरीचीं, म्हणजे बिट्टीचीं, झाडें होतीं. माझ्या पिढीचीं मुलें बिट्ट्यांनीं खेळलेलीं आहेत, त्यामुळें त्यांविषयीं आम्हांस ममता वाटते. परंतु त्या बीमध्यें हृदयाची गति बिघडविणारें विष असतें, आणि तीन वर्षांच्या मुलाचें पहिलें प्रयोगसाधन म्हणजे त्याचें तोंड. पूजेस फुलें हवींत तर तीं घराच्या परसांत लावावींत. बालमंदिरांतून तीं झाडें काढलीं तेव्हां दोन वृद्ध स्त्रियांचा माझ्यावर रोष झाला, तो अजून आहे.

जुन्या बाकांच्या तेली रंगाविषयींहि लिहितों. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांपुरतें मर्यादित करणारा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. त्यापूर्वींचे थर पुष्कळ ठिकाणीं अद्याप बाकांवर व खिडक्यांवर आहेत. ते कोरडे खरवडून धूळ उडवूं नये. ओले करून काढावे, आणि तेंहि मुलें सुटीवर असतांना.

हें सर्व किरकोळ काम होतें व किरकोळ रीतीनेंच पार पडलें. खरा प्रसंग गेल्या जूनमध्यें आला. घसरगुंडीच्या माथ्यावरून एक साडेतीन वर्षांचा मुलगा बाजूस कलंडला आणि खालीं सिमेंटच्या ठोकळ्यांच्या फरशीवर पडला. हाताचें हाड मोडलें. मूल आतां धडधाकट आहे. परंतु त्या दिवशीं त्याच्या आईचा आक्रोश ज्यांनीं ऐकला ते तो विसरणार नाहींत. ही फरशी तेथें कशी आली, हें सांगण्यासारखें आहे. पूर्वीं त्या जागीं माती होती. पावसांत चिखल होतो, गणवेश मळतात, अशी पालकांची तक्रार आली, म्हणून चालकांनीं हौसेनें, नक्षी काढून, फरशी करून दिली होती.

घसरगुंडीचा माथा चार फुटांवर आहे. चार फुटांवरून पडलेला पदार्थ जमिनीवर आदळतो तेव्हां त्याचा वेग ताशीं सतरा-अठरा किलोमीटर झालेला असतो. जोरानें हांकलेल्या सायकलीचा वेग साधारण हाच. हा वेग शून्यावर यावयास फरशीवर मुलाच्या देहास जेमतेम सेंटिमीटरभर अंतर मिळतें, कारण फरशी मुळींच हटत नाहीं. वाळू मात्र दबते, बाजूस सरकते, पांच-सात सेंटिमीटर वाट देते. अंतर जितके पट वाढलें तितके पट आघात उतरला. वर ज्याचा उल्लेख केला त्या परदेशी दंडकाप्रमाणें चार फूट उंचीस नऊ इंच सुटी वाळू पुरते, आणि साधनाच्या चारी बाजूंस सहा-सहा फूट जागा मोकळी लागते. मीं टेप लावून माप घेतलें. वीस फूट लांब, चौदा फूट रुंद, नऊ इंच खोल. म्हणजे दोनशें दहा घनफूट, बाजारच्या भाषेंत दोन ब्रासांहून किंचित् अधिक वाळू. तीहि नदीची, गोल दाण्याची हवी. दगड भरडून केलेली वाळू धुळकट व टोकदार असते. शिवाय वाळू टाकून भागत नाहीं. पायांखालीं ती दगडासारखी घट्ट होते, म्हणून आठवड्यांतून एकदां फावड्यानें उलथावी लागते, आणि रात्रीं मांजरांपासून राखण्यास वर ताडपत्री घालावी लागते.

हें सर्व मीं एका कागदावर लिहून चालकांस दिलें. त्यांनीं तो कागद आदरानें ठेवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशीं क्रीडांगणाच्या दारास कुलूप घातलें. झोपाळाहि उतरविला. झोपाळ्याची कडी घासून निम्मी झाली होती, तेव्हां तो उतरविणें योग्यच होतें. परंतु नवी कडी कोणीं आणली नाहीं.

पालकांपैकीं पुष्कळांस कुलूप पसंत पडलें. आमच्या घरींहि त्याविषयीं वाद झाला. सूनबाई बँकेंत आहे, विचारी आहे. ती म्हणाली, “बाबा, तुमचें गणित बरोबर असेल, पण ज्या संस्थेला एक कडी बदलतां आली नाहीं ती दर आठवड्यास वाळू उलथील, यावर मीं विश्वास कां ठेवावा? आज हात दुसऱ्याच्या मुलाचा मोडला. खेळायला घरीं गच्ची आहे.”

मीं तिला म्हटलें, “कुलूप लागल्यापासून मीं काय पाहिलें तें ऐक. मुलें ओसरीवर धांवतात व खांबाला धडकतात. खिडकीच्या गजांवर चढतात. खालीं शहाबादी फरशी. मूल चढणारच. आपण त्याला वाळूवर चढूं दिलें नाहीं तर तें दगडावर चढेल, आणि तें कोणी पाहत नसतांना.”

ती गप्प बसली, पण तिचें समाधान झालें नाहीं. तिचें म्हणणें मला आजहि पुरतें खोडतां येत नाहीं. जागेची सुरक्षितता साधनांत थोडी व राखणाऱ्याच्या नियमितपणांत फार असते. तिचा रोख त्या नियमितपणावरच होता. मला एवढेंच वाटतें कीं, नियमितपणा नाहीं म्हणून क्रीडांगण बंद करावयाचें, तर मग इमारतहि बंद करावी लागेल. कारण छप्पर कांहीं झोपाळ्याहून अधिक सोशिक नसतें.

हा वाद स्वयंपाकघरापर्यंत गेला होता. आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाई तेथें होत्या. त्यांचा मुलगा माझ्या नातीच्याच वयाचा. त्या हात पुसत सहज म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्या पोरींच्या शाळेला कुलूप लावायला मैदान तरी हाय. आमच्या अंगणवाडीला अंगणच न्हाई.”

हें वाक्य माझ्या मनांतून जाईना. त्याला शब्दाचा इतिहासहि कारण होता. ‘अंगण’ हा शब्द संस्कृतांतून सरळ आलेला, आणि ‘वाडी’ ही ‘वाटिके’ची मराठी लेक. १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें, आतांच्या पालघर जिल्ह्यांत बोर्डी येथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बालशिक्षणाचें काम सुरू केलें. गरीब वस्तींतलीं मुलें बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या वस्तींत नेली, आणि तेथल्या अंगणांत ती भरूं लागली. तें अंगण म्हणजे सोय नव्हती, तोच त्या कल्पनेचा प्राण होता. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हें नांव देशभर गेलें. आज देशांत सुमारें १४ लक्ष अंगणवाड्या आहेत. महाराष्ट्रांत एक लक्षाहून अधिक. अंगणवाडीची इमारत किमान ६०० चौरस फुटांची असावी, स्वयंपाकघर निराळें असावें, लहान मुलांजोगें शौचकूप असावें, आंत व बाहेर खेळावयास जागा असावी, असें सरकारचेंच मार्गदर्शन आहे.

बाईंच्या मुलाची अंगणवाडी मी दुसऱ्या दिवशीं पाहून आलों. भाड्याची एक खोली, बारा फूट लांब व दहा फूट रुंद. म्हणजे सांगितल्याच्या एक-पंचमांश. बावीस मुलें. दार थेट रस्त्यावर उघडतें, आणि रस्त्यावर रिक्षा व दुचाकी. एका कोंपऱ्यांत खिचडीचा गॅस, आणि तो व मुलें यांच्यामध्यें आडवी फळी. वजनकाटा, पोषणाचीं पोतीं, नोंदवह्यांचें कपाट, सर्व त्याच खोलींत. पण जागा लख्ख सारवल्यासारखी स्वच्छ. दुसऱ्या कोंपऱ्यांत कपाट भिंतीपासून बरेंच पुढें ओढून ठेवलें होतें. असें कां, म्हणून विचारतां सेविका म्हणाल्या, “त्याच्या मागं पोपडं पडत्यात सर. मुलं तिकडं जाऊं नयेत म्हणून.”

मीं हातांतील काठीनें छतावर ठोकून पाहिलें. निरोगी काँक्रीट खणखणीत बोलतें. येथें चार फुटांच्या पट्ट्यांत आवाज पोकळ येत होता. आंत पाणी मुरलें कीं सळई गंजते, गंज मूळच्या लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि खालच्या थराला जागा करून देण्यास भाग पाडतो. तो थर एखाद्या सकाळीं जागा करून देतो. २५ जुलै २०२५ रोजीं राजस्थानांतील झालावाड जिल्ह्यांत पिपलोदी गांवच्या सरकारी शाळेचें छप्पर भर पावसांत कोसळलें, सात मुलें गेलीं. वरून खडे पडत आहेत असें मुलांनीं आधीं सांगितलें होतें, असें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. गॅसच्या कोंपऱ्याकडे पाहून दुसरी आठवण झाली. १६ जुलै २००४ रोजीं तमिळनाडूंत कुंभकोणम येथें शाळेच्या स्वयंपाकघरांतील आग झावळ्यांच्या छपरास लागली. बाहेर पडण्याची वाट अरुंद. ९४ मुलें दगावलीं. त्या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं निर्णय दिला कीं, शिक्षणाच्या हक्कांत सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. निर्णय स्पष्ट आहे. पण फळीच्या पलीकडचा गॅस तेथेंच आहे.

सेविकांनीं तीन अर्ज केले होते. त्यांच्या प्रती त्यांनीं प्लॅस्टिकच्या पिशवींत जपून ठेविल्या आहेत, त्या मीं वाचल्या, अक्षर सुंदर. घरमालक म्हणतो, एवढ्या भाड्यांत दुरुस्ती परवडत नाहीं. कचेरी म्हणते, जागा खासगी, तिजवर सरकारी खर्च करतां येत नाहीं. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें. छत मात्र या दोहोंपैकीं कोणाचेंच ऐकत नाहीं. उद्यां कांहीं झालें तर जाब सेविकांनाच विचारला जाईल, हेंहि त्यांना ठाऊक आहे.

त्यानंतर मीं घरमालकांच्या मातोश्रींची गांठ घेतली. वय ऐंशींच्या घरांत. त्यांचा एक मुलगा माझ्या वर्गांत होता. त्यांना मीं न्यायालयाचा निर्णय सांगितला नाहीं, झालावाडचें वृत्त सांगितलें. पंधरा दिवसांत गवंडी लागला. पोकळ थर पाडला, सळया घांसून गंजरोधक लावलें, नवा गिलावा चढविला. मागच्या बोळांत पत्र्याची पडवी काढून गॅस तेथें नेला. दारांत गुडघाभर उंचीचें लाकडी झडप बसविलें, म्हणजे मूल एकदम रस्त्यावर येत नाहीं. खर्च निम्मा मालकांनीं व निम्मा आम्ही फाटकाबाहेरच्या आजोबांनीं केला. अंगण मात्र विकत आणून देतां येत नाहीं.

आमच्या बालमंदिराकडे एका गृहस्थांनीं प्रवेशद्वारावर कमान बांधण्यासाठीं देणगी दिली आहे. सभेंत मीं सुचविलें कीं, कमान एक वर्ष थांबवावी व त्यांतून वाळू, झोपाळ्याच्या कड्या, गच्चीच्या पन्हळी यांचें काम करावें. देणगी ज्या कामासाठीं दिली त्याच कामास लावली पाहिजे, असें उत्तर मिळालें, आणि कायद्यानें तें बरोबर आहे. कमान होईल. मग वाळूपुरती वर्गणी आम्हीं जमविली. वाळू उलथण्याची व दर बुधवारीं कड्या, खिळे, टाकीचें झांकण पाहण्याची पाळी आम्हां सात जणांनीं वांटून घेतली आहे. शंभर पानी वही केली असून तींत पाहणाऱ्याची सही असते. टाकीच्या झांकणास कुलूप हवें, ही पहिली नोंद. भरलेली बादली मुलांच्या खोलींत ठेवूं नये, ही दुसरी. बादलींतल्या वीतभर पाण्यांतहि लहान मूल बुडतें. मृगापूर्वीं पन्हळी साफ करणें व दिवाळीपूर्वीं छताची गळती तपासणें या दोन नोंदी वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेविल्या आहेत, कारण त्या वेळीं आमच्यापैकीं कोण असेल व कोण नसेल, सांगवत नाहीं.

आतां एक अर्ज चालकांपुढें आहे. बालमंदिर साडेअकरास सुटतें. त्यानंतर क्रीडांगण रिकामें पडतें. मंगळवारीं व शुक्रवारीं बारा वाजेपर्यंत तें त्या अंगणवाडीच्या बावीस मुलांस खुलें करावें, सेविका व आमच्यांतील दोघे तेथें हजर राहतील, असा त्याचा आशय. कांहीं पालकांच्या कपाळास आंठ्या पडल्या. कारण कोणीं उघड सांगितलें नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. निर्णय दिवाळीनंतरच्या सभेंत व्हावयाचा आहे. अर्जास पालकांच्या सह्या हव्यात. आमच्या घरांतून माझी व चिरंजीवांची झाली. सूनबाईनें अद्याप केलेली नाहीं; ती म्हणते, आधीं वाळू टाकलेली पाहीन, दोन आठवड्यांची वही पाहीन, मग लेखणी हातांत घेईन. वाळू गुरुवारीं येऊन पडली आहे. पहिली पाळी माझी आहे.